दार किती वेळ बंद असतं?

आमच्या सासूबाई दार लावत नाहीत. कोणतंच. न्हाणीघराचं दारसुद्धा त्या नुसतं पुढे ढकलतात आणि आत माणूस आहे हे कळावं म्हणून मोठ्याने पाढे म्हणतात. बारावर आल्या की समजावं, अंगावर पाणी पडलं. एकोणतिसाचा सुरू झाला की टॉवेल. नवखे पाहुणे या घरातल्या विद्याप्रेमाने भारावून जातात. लिफ्टमध्ये त्या पाऊल टाकत नाहीत, म्हणून आम्ही पहिल्या मजल्यावर घर घेतलं. टॅक्सीत बसल्या की आधी काच खाली, मग पत्ता. आमचं नवीन लग्न झालं तेव्हा आमच्या खोलीच्या दारावरूनही घरात काही चर्चा झाली होती, पण ती इथे नको.

"दार लागलं की माझा श्वास बाहेरच राहतो गं," त्या म्हणतात. यावर कोणी काय बोलणार? मीही कधी बोलले नाही. मी पडदे शिवते. दारांऐवजी पडद्यांवर भागवणारी सासू मिळणं हे माझ्या धंद्याच्या दृष्टीने भाग्यच म्हणायचं.

तर या सासूबाईंना विमानात बसवायचं ठरलं.

झालं असं की दूरच्या शहरात त्यांची थोरली बहीण असते, आक्का. दोघी दर आठवड्याला फोनवर भांडतात. विषय कोणताही चालतो. त्या दिवशी सासूबाईंनी फोन लावला, "आक्का, मी बोलतेय," म्हणाल्या, आणि मग बराच वेळ नुसत्या ऐकत राहिल्या. फोन ठेवला आणि पदराने पुसायला लागल्या. स्वच्छच होता तो, तरी पुसत होत्या.

"काय झालं, आई?"

"काही नाही. 'कोण बाई तुम्ही?' म्हणाली." पुसता पुसताच म्हणाल्या, "भांडलीसुद्धा नाही गं."

आक्कांच्या मुलाने संध्याकाळी सगळं सांगितलं. हल्ली असंच चाललंय. घरातल्यांनाही 'बाई', 'दादा' म्हणते. डॉक्टर म्हणतात, जे काय भेटायचंय ते लवकर भेटून घ्या.

रेल्वेने दोन रात्री लागतात आणि सासूबाईंचे गुडघे दोन तास धड टिकत नाहीत. राहता राहिलं विमान. आमच्या ह्यांनी मोठ्या मनाने घोषणा केली, "आई, विमानाने जा. हिला घेऊन जा सोबत. एक तास पन्नास मिनिटं. डोळा लागतोय तोवर उतरायचं."

सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "दार किती वेळ बंद असतं?"

"एक तास पन्नास मिनिटं म्हटलं ना."

"ते उडायचं झालं. मी दाराचं विचारतेय."

हे निरुत्तर झाले. विमा कंपनीत आयुष्य काढलेला माणूस. दुसऱ्यांना निरुत्तर करायची सवय. "काढतो माहिती," म्हणाले आणि पेपरमागे गेले. या घरात 'काढतो माहिती' याचा अर्थ 'तू काढ' असा होतो, हे मी वेगळं सांगायला नको.

पहिल्यांदा मी वरच्या मजल्यावरच्या मास्तरांकडे गेले. गणिताचे मास्तर, आता निवृत्त. पण गणित काही निवृत्त झालेलं नाही. जिन्यात भेटले तरी माणसाला एखादं उदाहरण घालतात. त्यांनी पृथ्वीचा गोल काढला, त्यावरची धूळ फुंकली (ती सगळी माझ्या डोळ्यांत), माझ्याकडून रीळ मागवून घेतलं आणि दोन शहरांमध्ये दोरा ताणला. दोऱ्याचं अंतर काढलं, विमानाच्या वेगाने भागलं आणि म्हणाले, "एक तास पाच मिनिटं."

"पण विमानाच्या वेळापत्रकात एक पन्नास आहे."

मास्तरांचा चेहरा उजळला. वर्गात चोर सापडल्यावर उजळत असेल तसा. "मग वहिनी, पाऊण तास विमान करतं काय?"

हा प्रश्न दुपारपर्यंत अख्ख्या इमारतीत गेला. समोरच्या विमानवहिनी स्वतःहून आल्या. त्या आयुष्यात एकदाच विमानात बसल्या, पण त्या एका प्रवासावर त्यांनी इतकी वर्षं काढली आहेत की आम्ही सगळे त्यांना विमानवहिनीच म्हणतो. बसता बसता म्हणाल्या, "पाऊण तास? अहो, आमचं तर दार लावून जमिनीवरच ठेवलं होतं. उडायचं नाव नाही. एका बाईंना तर असं गुदमरायला—"

मी चहाचा कप त्यांच्या तोंडापर्यंत नेऊन पोचवला. पण सासूबाई आतल्या खोलीत ऐकत होत्या. दारच नाही म्हटल्यावर ऐकू येणारच.

"मी नाही जात," आतून आवाज आला.

दुसऱ्या दिवशी न्हाणीघरातून पाढे ऐकू आले नाहीत. मला काही ते बरं वाटेना. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "आई, पडद्यासारखं आहे बघा ते. खिडकी चार फुटांची असते, पण कापड आठ फूट घ्यावं लागतं. का? तर चुण्या पडतात. मास्तरांनी मोजली ती खिडकी. विमानाला धावपट्टीपर्यंत जायचं, रांगेत थांबायचं, वळसा घ्यायचा, या सगळ्या चुण्या."

"मला चुण्यांचं भय नाही गं," त्या म्हणाल्या. "चुण्या किती ते आधी सांगा. माणूस किती वेळ श्वास धरायचा ते ठरवतो."

मला एकदम पटलं. त्यांना धीर नको होता, माप हवं होतं. आणि माप घेणं हा तर माझा धंदा.

मी तिकीटवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "काकू, आम्ही सीट विकतो. दाराचं आमच्याकडे काही येत नाही." मग विमान कंपनीला फोन केला. बराच वेळ बासरी ऐकवल्यावर एक गोड आवाजाची मुलगी आली. मी प्रश्न विचारला. तिने मला प्रवासाची वेळ सांगितली. मी म्हटलं, ती नको, दाराची. तिने मला विमानतळावर कधी पोचायचं ते सांगितलं. मी म्हटलं, बाळा, दार, दार! लागतं ते आणि उघडतं ते. तेव्हा ती म्हणाली, "क्षमा करा मॅडम, दार उघडं ठेवण्याची सुविधा सध्या उपलब्ध नाही."

'सध्या' या शब्दाने मी थोडी खचले.

पुन्हा फोन केला. वेगळा आवाज, तीच बासरी. तिसऱ्यांदा केला तेव्हा माझा तोल गेला. "अहो, समजा एखाद्याला अगदीच गुदमरलं, तर मधे कुठे थोडं उघडता येतं का, एवढं तरी सांगा!" पलीकडून अतिशय सावकाश, "मॅडम, आपलं पूर्ण नाव सांगाल?" मी सांगितलं. माणसं इतक्या आस्थेने विचारतात तर का सांगू नये?

इकडे ह्यांनाही आता कर्तव्याची आठवण झाली होती. रविवारी सकाळी ह्यांनी जाहीर केलं, "तालीम करू."

योजना अशी. माझी शिवणाची खोली म्हणजे विमान. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या दोन रांगांत. दार बंद, दोन तास. ते निभावलं तर तिकीट काढायचं. सासूबाई म्हणाल्या, "चालेल. आधी घरच्या दाराशी बघू." मास्तर मागच्या रांगेत बसणार, वेळ मोजायला. विमानवहिनी हवाई सुंदरी. ही भूमिका त्यांनी कोणी न सुचवता स्वीकारली आणि नवी साडी नेसून आल्या. हे बाहेर थांबून दार लावणार आणि उघडणार, म्हणजे वैमानिक, नियंत्रण कक्ष आणि विमानतळ, सगळं तेच. संसारात नसलेले अधिकार माणूस असे कुठेतरी मिळवतो.

आदल्या दिवशी त्यांनी दाराला स्वतःच्या हाताने नवं कुलूप बसवलं होतं, मूठ फिरवून उघडायचं. "आतली मूठ काढून ठेवलीय," ते अभिमानाने म्हणाले. "विमानात प्रवाशाच्या हातात मूठ नसते."

दार लागलं. खट्.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं. या वयात हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. डोळे मिटलेले, ओठ पांढरे. विमानवहिनी दोन्ही हात पसरून म्हणाल्या, "आपल्या डावीकडे खिडकी आहे, उजवीकडे शिवणाचं मशीन आहे. कृपया पट्टे बांधा." पट्टे म्हणून मी पडद्यांच्या नाड्या दिल्या होत्या. मास्तरांची नाडी पोटाला पुरेना. "हे माप कोणाचं घेतलं होतं?" त्यांनी विचारलं. "बारीक माणसाचं," विमानवहिनी म्हणाल्या. तिथून दोघांचं जुंपलं. विमानात पाणी फुकट देतात की नाही, खिडकीची जागा कोणाची, पाऊण तासाचा हिशोब कोण देणार. सासूबाईंनी एक डोळा उघडला. मग दुसरा. मग मनगट सोडून त्या भांडणात पंच झाल्या. अर्ध्या तासाने तर त्या विमानवहिनींना सांगत होत्या, "अगं, तू हसून बोल ना जरा. त्या पोरी हसतात म्हणे."

मी मनात ह्यांना शंभर गुण दिले. घाई केली.

दोन तास झाल्याचं मास्तरांनी सांगितलं. बाहेर खटपट ऐकू आली, मग काहीतरी फरशीवर पडून घरंगळत गेलं. आणि मग हे बोलले. "प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी. हवामान खराब असल्यामुळे उतरायला थोडा विलंब होत आहे."

मास्तर कौतुकाने म्हणाले, "बारकावे छान घेतलेत हो!"

पण मी इतकी वर्षं या माणसासोबत काढली आहेत. ह्यांचा आवाज भारदस्त झाला, की घरात काहीतरी मोडलेलं असतं. मी दाराशी जाऊन हळूच विचारलं, "काय पडलं?"

"बाहेरची मूठ," फटीतून उत्तर आलं. "हातात आली. घाबरू नका. सुताराला फोन केलाय."

आता सांगायला लाज वाटते, पण खरं तेच सांगते. आयुष्यभर जी दारं मी येता-जाता लावली, त्यातलं एक उघडत नाही एवढं कळलं, तर खोलीतली हवा एकदम संपत आल्यासारखी वाटायला लागली. मी खिडकीकडे गेले; खिडकीला गज. विमानवहिनींच्या लक्षात आलं आणि त्यांनी हवाई सुंदरीची भूमिका तिथल्या तिथे सोडली. "मला घरी जायचंय!" म्हणून त्या पडद्यांच्या ढिगावर बसून रडायला लागल्या. त्यांचं घर समोरच, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर. मास्तर चार माणसांना एका खोलीतली हवा किती वेळ पुरते याचं गणित मोठ्याने मांडू लागले.

"मास्तर, गप्प बसा," सासूबाई म्हणाल्या. "हवा तुम्हीच जास्त घेताय." मग माझ्याकडे बघून, "तू इकडे ये. बस. माझा हात धर. विमान वर असलं की घिरट्या घालतंच, त्यात काय?"

"आई, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटली असती गं. पण घाबरायचं सगळं काम तुम्ही तिघांनी वाटून घेतलंत. माझ्या वाट्याला काही उरलंच नाही."

आणि मग, सुतार येईपर्यंत आमचं मन रमवायला म्हणून, त्यांनी ती गोष्ट सांगितली. मी पहिल्यांदाच ऐकली. लहानपणी दोघी बहिणी लपाछपी खेळत होत्या. ह्या अंथरुणांच्या कपाटात लपल्या. आक्काने बाहेरून कडी घातली, गंमत म्हणून, आणि जेवायला हाक आली म्हणून गेली. जेवून झोपलीसुद्धा. "गाद्यांमध्ये आवाज जातोय कुठे? संध्याकाळी अंथरुणं काढायला आई आली तेव्हा सापडले. तेव्हापासून हे असं. आणि त्या बयेला विचारलं तर कधी कबूल नाही. आता तर," त्या थांबल्या, "आता तर तिला विचारायचीही सोय राहिली नाही."

तेवढ्यात दारावर ठोके पडले.

"विमानाच्या दारावर कोण ठोकतंय?" सासूबाईंनी विचारलं.

सुतार होता. त्याने आधी बाहेरून कुलपाची पाहणी केली, मग "हे कोणी बसवलं?" असं विचारलं, आणि उत्तर न मिळाल्यामुळे पुन्हा विचारलं. मग म्हणाला, आता कापावं लागेल. माझं चांगलं सागवानी दार. करवतीचा आवाज झाला, भुसा पडला, आणि दार उघडलं. विमानवहिनी पहिल्या पळाल्या. मास्तर दुसरे. मी तिसरी, हे लपवण्यात अर्थ नाही. सासूबाई खुर्चीतच बसून होत्या. नाडी सोडून, घडी घालून, पदर सारखा करून त्या सगळ्यात शेवटी बाहेर आल्या आणि ह्यांना म्हणाल्या, "पोचलो? काढ तिकीट."

तिकीट काढलं. विमानतळावर काचेमागच्या मुलीने संगणकात माझं नाव घातलं, स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि फोन उचलला. दोन मिनिटांत निळ्या कोटातल्या एक अधिकारी बाई आल्या.

"विमानाचं दार मधेच उघडता येतं का, अशी चौकशी करणाऱ्या आपणच?"

मला ती तिसरी बासरी आठवली. रांगेतली सगळी माणसं एक एक पाऊल मागे सरकली. मी समजावून सांगायला तोंड उघडणार तोच दुसऱ्या एकाने माझ्या पिशवीत हात घातला आणि पडदे कापायची माझी मोठी कात्री वर काढली. ती मी आक्कांच्या खोलीला नवा पडदा बेतायला घेतली होती. पण टेबलावर ठेवलेली ती कात्री बघून मला स्वतःलाच माझा संशय आला.

"बाई सज्जन आहेत का?" अधिकारी बाईंनी सासूबाईंना विचारलं.

सासूबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. इतक्या वर्षांत जी संधी मिळाली नव्हती, ती आज सरकारी इतमामात मिळाली होती. "स्वयंपाकात हात जरा सढळ आहे," त्या म्हणाल्या, "बाकी ठीक आहे." मग एकदम पुढे झुकून, "पण बाई, तिला अडवायचं असेल तर अडवा, मला जाऊ द्या. माझी बहीण मला विसरत चाललीय. आज उरलंय ते उद्या असेलच असं नाही. आणि दाराचं हिने विचारलं ते माझ्यासाठी. मला दाराची भीती वाटते."

अधिकारी बाईंनी कात्री ठेवून घेतली, मला ठेवून घेतलं नाही, आणि सासूबाईंचा दंड धरून आम्हाला पुढे सोडायला स्वतः आल्या. निघताना सासूबाईंनी त्यांनाही विचारलंच, "तुम्हाला तरी माहीत असेल. किती वेळ बंद असतं हो?"

"आजी, खरं सांगू? इतकी वर्षं लावतोय-उघडतोय, पण मोजलं नाही कोणी."

मी मोजायचं ठरवलं होतं. मास्तरांनी आपलं घड्याळ खास माझ्या मनगटावर बांधून दिलं होतं. दार लागलं, तसाच तो खट् आवाज आला, आणि माझी पाचावर धारण बसली. मी डोळे मिटले ते मिटलेच. घड्याळ कुठलं बघतेय! सगळा प्रवास मी फक्त ऐकला. शेजारी सासूबाई पलीकडच्या गृहस्थांना सांगत होत्या, "माझी सून आहे. तिला दाराची भीती वाटते. आमच्या घरी तालीम झाली होती, तरी बघा."

आक्का खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. सासूबाई गुडघे सांभाळत त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "आक्का."

आक्कांनी मान वर केली. फार सभ्यपणे हसल्या. "या बाई. कोणाकडे आलात?"

सासूबाईंनी वडिलांचं नाव सांगितलं. शाळा सांगितली. अंगणातलं झाड सांगितलं. आक्का प्रत्येक गोष्टीला "हो का? छान," म्हणत राहिल्या. आक्कांचा मुलगा माझ्याकडे बघून नुसती मान हलवत होता. सासूबाई हळूहळू स्टुलावर बसल्या. दार लागलं तेव्हा जितक्या पांढऱ्या पडल्या नव्हत्या, तितक्या आता पडल्या. मला वाटलं, एवढी धडपड करून आलो आणि दार लागलं ते इथेच.

मग त्या तोंडातल्या तोंडात पुटपुटल्या. कोणाला उद्देशून नाही, वैतागून. "आयुष्यभर दारं उघडी टाकून जगले हिच्यापायी. कपाटात कोंडून जेवायला गेली, आणि आता म्हणते कोण बाई!"

आक्का खुर्चीत ताठ झाल्या.

"कोणी कोंडलं?"

"तू!"

"मी? खोटारडे! कपाटात मी होते! कडी तू घातलीस आणि जेवायला पळालीस!"

"मी कशाला पळेन? संध्याकाळी आईने मला काढलं त्यातून!"

"तुला? मला काढलं! माझ्या वेणीत कापूस अडकला होता गादीचा. तुझ्या वेणीत होता का? दाखव!"

"माझ्याच वेणीत होता!"

"तुला वेणी तरी होती का गं? उवा झाल्या म्हणून डोकं भादरलं होतं तुझं!"

सासूबाईंचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्या हसायलाही लागल्या. पण हार मानायचा स्वभाव नाही, हुंदक्यातूनच म्हणाल्या, "उवा तुझ्याच आल्या होत्या मला."

"चल आत," आक्का काठी शोधत उठल्या. "चारचौघांत काय सांगायचं ते. आत चल, तुला सांगते कपाट कुठल्या भिंतीला होतं."

दोघी एकमेकींना धरून आतल्या खोलीकडे निघाल्या. कोण कोणाला सावरतंय ते कळत नव्हतं. मी मागून जायला लागले तशा सासूबाई उंबऱ्यावर वळल्या. "तू बस बाहेर. आमचं खासगी आहे."

आणि त्यांनी दार लावलं. आतून कडी सरकल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला.

माझा फोन वाजला. हे होते, मागून मास्तर आणि विमानवहिनी दोघांचेही आवाज येत होते. "पोचलात का? मास्तर विचारताहेत, नक्की किती वेळ बंद होतं दार?"

आतून आक्का ओरडत होत्या, सासूबाई त्यांच्या वर ओरडत होत्या, आणि मधेच दोघी एकदम हसत होत्या. मी मास्तरांच्या घड्याळाकडे पाहिलं आणि ते मनगटावरून सोडून पिशवीत टाकलं.

"त्यांना सांगा," मी म्हटलं, "अजून उघडलेलं नाही."